उमरग्यात चंद्राबाई बोलली

मी नोकरी कसली करते हे माझ्या आईला शेवटपर्यंत कुणाला नीट सांगता आलं नाही. शेजारणींनी विचारलं की ती म्हणायची, "खेड्यापाड्यानं हिंडती आन् लोकांची दुखणी इचारती. पर डाक्टर न्हाय." याहून नेमकं वर्णन मलाही पुढं कधी सुचलं नाही.

कागदावर माझा हुद्दा 'पाहणी-संयोजिका' असा होता. हैदराबाद संस्थान विलीन होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. मुंबईच्या एका संस्थेनं आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक पाहणी काढली. रझाकारांच्या काळात काही गावं होरपळली आणि पोलीस ॲक्शननंतर काही गावं उलट्या बाजूनं होरपळली. त्या धामधुमीत ज्यांच्यावर डाग लागला त्यांचं गावात पुढं काय झालं, आणि तो डाग फिका करायला काही करता येतं का, एवढं शोधायचं होतं. परागंदा होऊन परत आलेल्या बाया, 'त्यांच्यातला होता' म्हणून मारल्या गेलेल्या माणसांच्या विधवा, बापाच्या नावावरून चिडवली जाणारी पोरं, हे आमचं गिऱ्हाईक. माझ्या हाताखाली चार-पाच जण होते. गावं ठरवायची, कुणी कुठं जायचं ते सांगायचं, कुठं बोलणं बिघडलं तर जाऊन सावरायचं आणि शेवटी सगळ्याची मोट बांधून मुंबईला पाठवायची, हे माझं काम. मोटेपेक्षा सावरण्यातच दिवस जायचे.

त्या चार-पाच जणांत गौसमियाँ मास्तर सर्वांत वडील. मूळचे परंड्याचे, उर्दू शाळेत मास्तर होते. शाळा मराठी झाल्या तेव्हा त्यांची नोकरी गेली. मराठी ते माझ्याहून चांगलं बोलत, फक्त लिहिताना हात उजवीकडून सुरू व्हायचा. मला ते 'बाई' म्हणायचे, मी त्यांना 'मास्तर'.

आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट म्हणजे जे जाणून घ्यायचंय ते विचारायचं नाही. "तुम्हाला गाव वाईट वागवतं का?" असं विचारलं तर बाई पदर ओढून आत जाते. त्याऐवजी विचारायचं, "बारशाला कुणाकुणाला आवतण जातं? चूल विझली तर विस्तव कुणाकडनं आणता? आडावर आधी कोण भरतं?" या उत्तरांत गावाचा सगळा नकाशा निघतो. ज्या घराचं नाव विस्तवातही येत नाही आणि बारशातही येत नाही, ते घर आपलं. पण त्या घरी थेट जायचं नाही, ही दुसरी गोष्ट. आम्ही एकाच घरी थांबलो की गाव त्या घराकडं बघायला लागायचं. पुसायला गेलेला हात आणखी काळं फासून यायचा. म्हणून त्या एका घरासाठी आख्खी आळी बसून काढायची. आणि तिसरी गोष्ट, एका घरचं बोलणं दुसऱ्या घरी न्यायचं नाही. या तिसऱ्या गोष्टीचीच ही हकिकत आहे.

गावं आम्हाला काही ना काही समजायची. कुठं रेशनवाले, कुठं शिरगणतीवाले. भूमच्या बाजूच्या एका गावी पोलीस पाटलांनी आम्हाला घोंगडीवर बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "आमच्या गावात तसलं काय बी झालं न्हाय. समदे भाऊ-भाऊ." समोरच एक बिनछपराचं घर होतं, आतून लिंबाचं झाड वर आलेलं. मी विचारलं, "ते घर कुणाचं?"

"ते व्हय? ते पडलं."

"कशानं?"

"पावसानं."

भिंती आतून काजळीनं काळ्याकुट्ट होत्या. परत येताना मास्तरांनी एकदा मागं वळून त्या घराकडं बघितलं. मग म्हणाले, "त्या साली पाऊसच काळा पडला असंल, बाई."

डाग फिका करायचे संस्थेचे उपायही होते. एका गावी दोन्ही समाजांच्या बायकांचा शिवणवर्ग काढला. बायका आनंदानं आल्या, पोलकी शिकल्या. बसायच्या मात्र दोन रांगांत, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. वर्ग संपेपर्यंत त्या जागेत कुणी बसलं नाही. मुंबईच्या साहेबांनी वर्ग पाहिला आणि ते खूश झाले. त्यांना पोलकी दिसली.

आता ज्या गावाचं सांगायचंय त्याचं नाव सांगत नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. नळदुर्गपासून आत, बोरी नदीच्या काठचं गाव. त्या गावी विस्तवात आणि बारशात न येणारी घरं दोन निघाली.

एक दस्तगीर पिंजाऱ्याचं. दस्तगीर कापूस पिंजून गाद्या-वाकळा भरायचा. ॲक्शननंतरच्या दिवसांत गावातल्याच लोकांनी त्याला मारलं. कारण असं सांगत, की त्यानं गावातली एक बाई पळवून घरात कोंडली होती. मागं बायको मेहबूबबी आणि मुलगी जुबेदा राहिल्या. मेहबूबबी लोकांच्या वाकळा शिवायची. बायका वाकळा द्यायला यायच्या, पण उंबऱ्याबाहेर ठेवून जायच्या.

दुसरं घर, खरं तर घरातला एक कोपरा. तो चंद्राबाईचा. दस्तगीरनं पळवली म्हणत ती हीच. तिचा नवरा पुढं आजारानं गेला. ती थोरल्या दिराच्या, दादारावांच्या वाड्यात गुरांच्या छपरात राहायची. शेणगोठा तिचा, पण चूल तिची नाही. तिच्या हातचं पाणी घरात कुणी घेत नव्हतं. तिचा एकुलता मुलगा नामदेव चुलत्याच्या पंगतीला जेवायचा, चुलत्याची शेती बघायचा. आईशी बोलायचा तो कामापुरतं, तेही दुसरीकडं बघत.

एका गल्लीच्या अंतरानं राहणाऱ्या या दोघी दहा वर्षांत एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

मी मेहबूबबीकडं तिसऱ्या-चौथ्या खेपेला गेले तेव्हा ती सुई थांबवून एकदम म्हणाली, "बाई, तुमी समद्यांना इचारत फिरता. एकदा त्या चंद्राला इचारा ना."

"काय विचारू?"

तिनं दार लोटलं आणि खालच्या आवाजात सांगितलं. गाव रझाकारांच्या भीतीनं उठलं, लोक गाड्या जुंपून हद्दीपलीकडं सोलापूरच्या बाजूला निघाले, तेव्हा चंद्राबाईच्या अंगात सणसणून ताप होता. दादारावांनी गाडी भरली. तिचा नवरा आधीच पलीकडं गेलेला. गाडीत जागा नाही, माणूस पाठवतो म्हणून दिरानं तिला मागं ठेवलं. पोरगा गाडीत घेतला. माणूस आला नाही. ओस गावात ती एकटी कण्हताना दस्तगीरला सापडली. त्यानं तिला आणून कापसाच्या खोलीत ठेवली, समोर ढिगारे रचले. रझाकार दारात येऊन चौकशी करून गेले. त्यानं त्यांच्यासमोर शपथ घेतली की घरात बायकोपोरीशिवाय कुणी नाही.

"जान बचायी उसकी," मेहबूबबी म्हणाली. "आणि वारं फिरल्यावर गाववाले आले, ही आमच्या घरातून बाहेर आली, तर हिचा दीर ओरडला, पळवली, पळवली! माझा माणूस हात जोडून सांगत होता. किसने सुना?"

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"मी? मी कोण? ज्याला मारला त्याची बायको. माझं कोण ऐकतंय?"

तिनं हे आता सांगायला कारण होतं. जुबेदासाठी उमरग्याच्या एका शिंपीकाम करणाऱ्या घरातून मागणी आली होती. मुलगा चांगला होता. पण मुलाच्या बापाच्या कानावर आलं होतं की मुलीचा बाप बायका पळवणारा होता. त्यानं निरोप पाठवला होता, शक फिटल्याशिवाय पुढं बोलणं नाही.

मी त्या दिवशी तिला काहीच शब्द दिला नाही. चंद्राबाईला मी जाऊन विचारलं असतं तर ते दिराच्या कानावर जायला वेळ लागला नसता. ज्यांनी दस्तगीरला मारलं ते सगळे त्याच गावात, त्याच पारावर बसत होते. शिवाय ज्या घरी आम्ही 'तुमचं बोलणं आमच्यापाशीच राहील' म्हणून सांगितलं त्या प्रत्येक घराचा आमच्यावरचा भरवसा उडाला असता.

मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "तिचं बोलणं नेऊ नका. तिलाच न्या."

मग मी एवढंच केलं. चंद्राबाई नदीवर धुणं घेऊन गेली होती तिथं गेले आणि म्हणाले, "मेहबूबबीला तुमच्याशी बोलायचंय. नको म्हणालात तरी माझा काही आग्रह नाही."

तिनं धुणं आपटायचं थांबवलं नाही. लुगडं पिळता पिळता म्हणाली, "वरच्या डोहाकडं कुणी येत न्हाय. उद्या दुपारच्याला येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापासून अंतर ठेवून बसले होते, पण ऐकू येत होतं. मेहबूबबीनं पुष्कळ ठरवून आणलं असणार. प्रत्यक्षात ती एवढंच म्हणाली, "जुबेदाचं लगीन मोडतंय, चंद्रा."

"का?"

"तुझ्यामुळं."

चंद्राबाईनं विचारलं, "केवढी झाली ग ती? म्या तुमच्या घरी व्हते तवा तिचा पयला दात पडला व्हता. माझ्या ताटलीत आणून टाकला व्हता, दावायला."

मेहबूबबी रडायला लागली. चंद्राबाई रडली नाही. तिनं विचारलं, "कुठली हायत लोकं?"

"उमरग्याची."

"येते म्या."

मी उठून जवळ गेले. मला वाटलं, हिला काय होऊ शकतं ते कुणीतरी सांगायला हवं. मी म्हणाले, "चंद्राबाई, हे गावात कळल्याशिवाय राहणार नाही. घरी काय होईल याचा विचार करा. घाई नाही."

ती म्हणाली, "इचार लई केला, बाई. दहा वर्सं त्योच केलाय."

आम्ही तिघी एसटीनं उमरग्याला गेलो. चंद्राबाईनं घरी माहेरच्या माणसाला बघायला जाते म्हणून सांगितलं होतं. शिंप्याच्या घरी माजघरात त्यांच्या जमातीतले तीन वडीलधारे बसले होते. मुलाचा बाप, अब्बास शिंपी, स्वभावानं कडक पण वागायला सरळ. त्यानं चंद्राबाईला बसायला जाजम टाकलं. ती भिंतीला धरून उभीच राहिली.

"सांगा बाई," अब्बास म्हणाला. "दस्तगीरनं तुम्हाला पळवलं होतं?"

"न्हाय. मला तापात टाकून माझी माणसं गेली. त्या भावानं मला उचलून आणलं. त्यांच्या घरचं खाल्लं, त्यांच्या बायकोपाशी निजले. त्यांची नजर कदी वर झाली न्हाय."

"कुराणावर नाही, पण तुमच्या देवाची शपथ घ्याल?"

"तुळजाभवानीची आन."

एक म्हातारा पुढं सरकून म्हणाला, "तर मग एवढी वर्षं गप का राहिलीस? तुझ्या नावावर एक बेगुनाह माणूस मेला."

मला वाटलं आता ही कोसळणार. ती म्हणाली, "माझं लेकरू दिराच्या ताटात जेवत व्हतं."

"आणि आता?"

"आता त्याचं त्याला मिळवून खाता येतंय."

म्हातारा मागं सरकला. मग अब्बासनं विचारलं, "मारलं कुणी त्याला? नावं माहीत असतील तुम्हाला."

चंद्राबाईनं पहिल्यांदाच मान वर केली. "त्ये इचारू नका. म्या मेलेल्याचं सांगाया आलेय. जित्यांचं सांगाया न्हाय."

अब्बास उठला, आत गेला आणि बायकोला म्हणाला, "चाय रखो. समधन आयी है." आपल्याला व्याहीण म्हटलेलं ऐकून मेहबूबबी त्याच्याकडं बघतच राहिली.

दोन बाजार गेले नाहीत तोवर गावात कळलं. उमरगा काही लांब नाही आणि गोष्ट सांगण्यासारखी होती. दादारावांनी पारावर सगळ्यांसमोर सांगितलं की बाईचं डोकं फिरलं आहे, तिला कुणीतरी शिकवलं आहे, आणि त्यांचा रोख आमच्याकडं होता. खरं खोटं काय ते तिथं बसलेल्या निम्म्याजणांना पक्कं माहीत होतं. कुणी 'ती खोटं बोलतीय' म्हणालं नाही. कुणी 'खरं बोलतीय' असंही म्हणालं नाही.

मी पोचले तेव्हा चंद्राबाईचं गाठोडं छपराबाहेर आलेलं होतं. ते आणणारा नामदेव होता. वीस वर्षांचाही नसेल. मी त्याला म्हणाले, "नामदेव, आईनं तुझ्यासाठीच इतकी वर्षं तोंड शिवलं होतं."

"मला लगीन करायचंय, बाई," तो म्हणाला. "हितंच जमीन हाय. हितंच ऱ्हायचंय." त्याचा आवाज चिडका नव्हता. थकलेला होता. त्यानं गाठोडं उचललं, गावाच्या शिवेपर्यंत आईच्या पुढं चालत गेला, गाठोडं रस्त्याच्या कडेला ठेवलं आणि आला तसा परत गेला. चंद्राबाई त्याला हाक मारेल असं मला वाटलं. तिनं हाक मारली नाही, फक्त दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

मेहबूबबी तिला 'माझ्या घरी चल' म्हणाली. चंद्राबाईनंच नको म्हटलं. "तुमच्या घराला पुन्यांदा माझ्यापायी आग नगं." मग मास्तरांनी ओळख काढली आणि तिला नळदुर्गला हमरस्त्यावरच्या एका खानावळीत भाकरी थापायचं काम मिळालं.

जुबेदाचं लग्न झालं. गावातून त्या लग्नाला कुणी गेलं नाही.

थोड्या दिवसांनी मुंबईचे साहेब जीप घेऊन आले. त्यांच्यापर्यंत काहीतरी कुणकुण गेली होती. त्यांचा चेहरा फुलला होता. "आपल्याला हवं होतं ते सापडलं! डागाळलेली व्यक्तीच जर उघडपणे बोलली तर समाजाचं मत बदलतं. त्या बाईंना पुढच्या गावी घेऊन चला. सभा लावू."

मी म्हणाले, "साहेब, मत बदललं एका शिंप्याचं. गावाचं बदललं नाही. बाई बेघर झाली."

"पण लग्न जमलं ना?"

"जमलं."

"मग हे यशच आहे."

मी त्यांना गावाचं नावही सांगितलं नाही, बाईचंही नाही. मास्तरांना विचारलं तर त्यांनी साहेबांकडं शांतपणे बघून "याद नहीं, साहब" असं सांगितलं. साहेब रागावून गेले. पाहणी पुढं वर्षभर चालली आणि मग संस्थेचा त्या विषयातला रस संपला. मला दुसरीकडं, पाणीपुरवठ्याच्या पाहणीवर घातलं. तिथं लोक खरं सांगायचे, कारण विहिरीला पाणी नाही हे सांगायला कुणाला लाज वाटत नव्हती.

नळदुर्गवरून जाताना मी खानावळीत उतरायची. हैदराबादकडं जाणारे ट्रकवाले चंद्राबाईला मावशी म्हणायचे. कुणाला ती कुठली, काय, माहीत नव्हतं. ती म्हणायची, "बरं हाय, बाई. हितं मला कुणी वळकत न्हाय." मी एकदा विचारलं, बोललात त्याचं वाईट वाटतं का. भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "वाईट वाटतंय ते अदी न बोलल्याचं. वारं फिरलं त्या दिवशी म्या तोंड उघडलं असतं तर? दस्तगीरभाऊ माझ्याकडंच बघत व्हता. माझ्या तोंडातनं आवाजच निघाला न्हाय." बाकी तिला एकच विचारायचं असायचं, नामदेवचं काही कळलं का. त्याचं लग्न झाल्याचं मीच तिला सांगितलं. तिनं सुनेचं नाव विचारलं. मला ते माहीत नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी ती अशीच तापानं गेली. खानावळवाल्यानं मास्तरांना निरोप दिला, मास्तरांनी मला. बायकांनी स्मशानात जायचा रिवाज नाही, पण तिला पोचवणारी माणसंच बोटावर मोजण्याइतकी होती, म्हणून मी गेले. जुबेदाचा नवरा उमरग्याहून आला होता, त्यानं लाकडं उतरवली. खानावळवाला, दोन ट्रकवाले, मास्तर. सरण रचून झालं आणि पायवाटेनं एकजण येताना दिसला. नामदेव होता. अंगानं भरला होता, मिशीत एखादा पांढरा केस. त्याला कुणी कळवलं मला माहीत नाही.

खानावळवाल्यानं अग्नी कुणी द्यायचा म्हणून सगळ्यांकडं बघितलं आणि नव्या माणसाला विचारलं, "तुमी कोण लागता मावशीचे?"

नामदेवनं सरणाकडं बघितलं. मग मास्तरांकडं. मग खाली.

"गावचा हाय," तो म्हणाला.

अग्नी खानावळवाल्यानं दिला.

बाकीचे नदीकडं गेले तरी तो लिंबाखाली उभा होता. माझ्याजवळ आला. त्यानं मला ओळखलं होतं. "बाई," तो म्हणाला, "घरी पोरीबाळी हायती. ह्ये कुठं लिहू नका."

असं मला त्या नोकरीत घरोघर सांगितलं गेलं होतं, आणि प्रत्येक वेळी मी क्षणाचाही विचार न करता 'नाही लिहिणार' म्हणून शब्द दिला होता. त्या दिवशी माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही. नामदेव चपला पायात सरकवून सडकेकडं चालू लागला.